बीडीएस, कोटा आणि ओपीडीची रांग: सरकारी डेंटल कॉलेजात नेमकं काय शिकवतात?

नीटचा निकाल लागून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झाल्या की घरोघरी एकच चर्चा रंगते. एमबीबीएसला थोडे मार्क कमी पडलेत, सरकारी बीडीएस मिळतंय, तर ते घ्यावं की आणखी एक वर्ष ‘रिपीट’ करावं? मामा म्हणतो घेऊन टाक, क्लासवाले म्हणतात रिपीट कर, आणि मुलगा किंवा मुलगी मधल्या मध्ये अडकते. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्या कॉलेजात चार-पाच वर्षं करतात काय?

मी अशाच एका सरकारी डेंटल कॉलेजातून शिकून बाहेर पडलो. प्रवेशाच्या तोंडावर जे पालक भेटतात, त्यांना जे तुकड्यातुकड्यांत सांगतो, ते इथे सलग मांडतो आहे. दात दुखतोय म्हणून अशा कॉलेजच्या ओपीडीत जाणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी प्रवेशाचं गणित

बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी. चार वर्षं शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश एमबीबीएससारखाच नीटवर. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत. महाराष्ट्रात सरकारी डेंटल कॉलेजं अगदी मोजकी आहेत: मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं, नागपूरचं, छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाला लागून असलेलं आणि अलीकडे सुरू झालेलं जळगावचं. शिवाय मुंबई महापालिकेचं नायर डेंटल आहेच, ते १९३३ पासूनचं. गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं.

देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत आणि त्यातली बहुतेक खाजगी. सरकारी कॉलेजची वर्षाची फी हजारांत असते, खाजगीची लाखांत. या फरकाचा परिणाम किती होतो ते २०२१ साली सर्वोच्च न्यायालयातच दिसलं. २०२०-२१ च्या प्रवेशांत बीडीएसच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२१ रोजी नीटची पात्रता १० पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं. त्याच निकालात नोंद आहे की या रिकाम्या जागांपैकी सरकारी कॉलेजातल्या फक्त २६५ होत्या. न्यायालयाने खाजगी कॉलेजांना फी कमी करण्याचा विचार करा, असंही सांगितलं. तेव्हा ‘बीडीएसला कुणी जात नाही’ असं कुणी म्हणालं, तर कुठल्या बीडीएसला ते आधी विचारा.

पहिली दोन वर्षं: आधी हात घडतो

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय असतात. मेडिकलच्या मुलांसारखंच शवविच्छेदनही करावं लागतं. दुसऱ्या वर्षी रोगशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधं. इथपर्यंत पालकांना नवल वाटत नाही. नवल वाटतं ते मुलगी घरी मेणाचे ठोकळे घेऊन बसते तेव्हा.

पहिल्या वर्षात दात कोरायला शिकवतात. हातात मेणाचा ठोकळा, छोटी कोरणी आणि पट्टी. वरच्या जबड्यातला समोरचा दात घ्या. त्याचा दिसणारा भाग साडेदहा मिलिमीटर उंच आणि साडेआठ मिलिमीटर रुंद, मूळ तेरा मिलिमीटर. कागदावर हे आकडे सोपे वाटतात. पण दाताचा एक कोपरा काटकोनी असतो आणि दुसरा किंचित गोल, पुढची बाजू फुगीर आणि मागची खोलगट. कडेला अर्धा मिलिमीटर जास्त कोरला गेला की तो दात उजव्या बाजूचा न दिसता डावीकडचा दिसायला लागतो. शिक्षक तो बोटांत फिरवून बघतात आणि ‘पुन्हा’ म्हणतात. खालच्या पहिल्या दाढेला पाच उंचवटे असतात. ती जमेपर्यंत मेणाचा कितीतरी चुरा होतो.

एवढा अट्टहास कशासाठी? दाताचं बाहेरचं कठीण आवरण एकदा घासलं गेलं की पुन्हा कधीच तयार होत नाही. त्वचेची जखम भरते, हाड जुळून येतं, दाताच्या आवरणाला ती सोय नाही. ड्रिल, ज्याला कॉलेजात सगळे एअरोटर म्हणतात, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. ते जिवंत दाताला लावण्याआधी दाताचा आकार डोळे मिटूनही बोटांना कळला पाहिजे.

म्हणून दुसऱ्या वर्षी ‘प्रीक्लिनिकल’ असतं, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधीचा सराव. कृत्रिम डोकं, त्यात कृत्रिम जबडा, त्यात कृत्रिम दात. शिवाय काढलेले खरे दात प्लॅस्टरमध्ये बसवून त्यांच्यावर खड्डे कोरायचे आणि भरायचे. वरच्या जबड्यात काम करताना दात थेट दिसत नाही, आरशात बघून करावं लागतं. आरशात पुढचं मागे दिसतं आणि हात उलटीकडे जायला बघतो. डोळ्यांना हा उलटा हिशेब अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि ते महिने कृत्रिम डोक्यावरच गेलेले बरे.

तिसरं आणि चौथं वर्ष: समोर जिवंत माणूस

एमबीबीएस आणि बीडीएसमधला खरा फरक इथे सुरू होतो आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. एमबीबीएसचा विद्यार्थी वॉर्डात रुग्ण तपासतो, माहिती घेतो, निदान शिकतो. ऑपरेशनच्या टेबलावर तो बहुतेक वेळा बघ्याच्या किंवा मदतनिसाच्या भूमिकेत असतो. बीडीएसचा विद्यार्थी त्याच वयात, पदवी मिळण्याआधी, स्वतःच्या हाताने इंजेक्शन देतो, दाढ काढतो, कीड कोरून सिमेंट भरतो, कवळी बनवतो. एकदा केलं की मागे घेता येत नाही, असं काम तो शिकतानाच करत असतो. माझ्या मते या शिक्षणाबद्दलचे बाकीचे सगळे प्रश्न, पालकांचे असोत की रुग्णांचे, इथूनच निघतात.

उदाहरण घेऊ खालची दाढ काढण्याचं. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, त्यामुळे दाताजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं की औषध झिरपून मुळापर्यंत पोचतं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला जाड आणि घट्ट. तिथे औषध झिरपत नाही. म्हणून जबड्याची नस हाडात शिरते त्या जागी, अगदी मागे जाऊन इंजेक्शन द्यावं लागतं. एकेका खोलीतला दिवा न मालवता घराचा मेन स्विच बंद करावा, तसं हे काम आहे. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात.

पण हा स्विच दिसत नाही. विद्यार्थी अंगठ्याने गालाच्या आतून जबड्याच्या हाडाची कड चाचपतो. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून तिरकी आणतो. सुई दोन ते अडीच सेंटिमीटर आत गेल्यावर टोकाला हाड लागलं पाहिजे. लवकर लागलं तर कोन चुकलाय, लागलंच नाही तर सुई फार मागे गेलीय. हाड लागलं की किंचित मागे घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना बघायचं आणि मग सावकाश औषध सोडायचं. शेजारी शिक्षक उभे असतात. पाच मिनिटांनी विद्यार्थी विचारतो, ‘काका, ओठ जड झाला का?’ काकांचा ओठ निम्मा बधिर झाला असेल तर नस मिळाली. नसेल तर पुन्हा.

हे पुस्तक वाचून येत नाही, व्हिडिओ बघूनही येत नाही. जबडे लहान-मोठे असतात, तोंड कमी-जास्त उघडतं, घाबरलेला माणूस ऐनवेळी मान वळवतो. वीस-पंचवीस वेगवेगळ्या तोंडांत सुई गेल्यावरच अंगठ्याला हाड ओळखू यायला लागतं.

‘कोटा’ म्हणजे काय?

म्हणूनच प्रत्येक विभागात विद्यार्थ्याने अमुक इतकी कामं पूर्ण करायची असतात. इतक्या दाढा काढायच्या, इतके दात भरायचे, इतक्या जणांच्या हिरड्या साफ करायच्या, इतक्या कवळ्या. याला मुलं ‘कोटा’ म्हणतात. कोटा पूर्ण झाला नाही तर परीक्षेला बसताना अडचण येते. प्रत्येक कामाच्या प्रत्येक पायरीवर शिक्षकाची सही लागते. कीड काढून झाली, सही. खड्डा नीट कोरला, सही. भरलं, चावा तपासला, सही. सही झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

पूर्ण कवळीचं काम तर चार-पाच भेटींचं असतं. आधी गरम पाण्यात मऊ केलेल्या लगद्याने हिरडीचं पहिलं माप, त्यावरून खास ट्रे, मग दुसरं बारीक माप, मग वरच्या-खालच्या जबड्यातलं अंतर ठरवणं, मग मेणात दात लावून तोंडात बघणं आणि शेवटी पक्की कवळी. मधलं प्लॅस्टर ओतण्यापासून पॉलिश करण्यापर्यंतचं बरंचसं लॅबचं काम विद्यार्थी स्वतः करतात. त्यामुळे एखादी आजी लांबच्या गावाहून एसटीने येत असेल, तर तिच्या पाचही भेटी होतील याची काळजी तिच्या घरच्यांइतकीच त्या विद्यार्थ्यालाही असते. मुलं रोज सकाळी फोन करून विचारतात, ‘आजी, निघालात ना?’

आता कॉलेज निवडताना या कोट्याचा अर्थ काय होतो बघा. डेंटल कॉलेजात इमारत, एसी, सिम्युलेटर हे सगळं दुय्यम. मुख्य प्रश्न हा की ओपीडीत पुरेशी माणसं येतात का? विद्यार्थी पन्नास आणि दाढ काढायला आलेले दहा, असं झालं तर कोटा कागदावरच राहतो. जुन्या सरकारी कॉलेजांना ही चिंता सहसा नसते. नागपूरला ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आलेला माणूस, घाटीत आलेला माणूस शेजारच्या डेंटलमध्येही येतोच. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे लागलेली रांग हीच सरकारी डेंटल कॉलेजची सर्वात मोठी शैक्षणिक संपत्ती आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

‘म्हणजे गरिबांवर शिकून घेता?’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं योग्य नाही. खाजगी दवाखाना ज्यांना परवडत नाही तेच बहुतेक करून रांगेत असतात आणि शिकाऊ हात त्यांच्याच तोंडात जातात.

याचं उत्तर शिक्षकाच्या त्या सहीत आहे. देखरेख खरी असेल तर रुग्णाचं नुकसान होत नाही, वेळ मात्र जास्त जातो. बाहेर अर्ध्या तासात होणारं काम इथे दोन तास घेतं, कारण दर पायरीला थांबून शिक्षकांना दाखवावं लागतं. उलट, चार डोळ्यांनी तपासलेलं असल्यामुळे काम बऱ्याचदा चांगलंच होतं. अवघड दाढ, आडवी आलेली अक्कलदाढ, वाकड्या मुळांचं रूट कॅनाल ही कामं पदवीच्या विद्यार्थ्याकडे देत नाहीत. ती एमडीएस करणारे किंवा शिक्षक करतात. एमडीएस म्हणजे बीडीएसनंतरचं तीन वर्षांचं विशेष शिक्षण.

पण सही नुसती औपचारिकता म्हणून होत असेल, शिक्षक खुर्चीपर्यंत येतच नसतील, तर आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरतो. म्हणून रुग्णाने विचारायला संकोच करू नये. तुम्ही विद्यार्थी, इंटर्न की एमडीएसचे? सर किंवा मॅडम बघणार आहेत का? या प्रश्नांवर चांगला विद्यार्थी रागावत नाही, त्याला ते शिकवलेलंच असतं. विद्यार्थ्याकडून करून घ्यायचं नसेल तर तसं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण हे मात्र न विचारता सांगा. आणि वरची दाढ काढल्याने नजर कमी होते, ही भीती मनातून काढून टाका. दाताच्या नसा आणि नजरेची नस वेगवेगळ्या आहेत.

या रांगेत महाराष्ट्राचं तोंड दिसतं

एका आजाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो सरकारी कॉलेजच्या विद्यार्थ्याला पहिल्याच पोस्टिंगमध्ये भेटतो. विशीतला एखादा मुलगा येतो. तक्रार काय, तर तिखट सहन होत नाही, तोंड जळजळतं. विद्यार्थी म्हणतो, ‘आ करा’. मुलगा आ करतो आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. आरसा घालून बघावं तर गालाची आतली बाजू गुलाबी असायच्या ऐवजी पांढुरकी, आणि बोट फिरवलं की ताणलेल्या दोऱ्या लागाव्यात तशा हाताला लागतात. वैद्यकीय भाषेत याला ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या आतल्या मऊ थराचे तंतू घट्ट होत जातात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. यातल्या काही जणांना पुढे कॅन्सर होतो.

विदर्भात याचं मूळ बहुतेक वेळा खर्ऱ्यात असतं: सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेल्यावर घोटून दिलेला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळे घेऊन एकत्र करणं सुरूच आहे. पश्चिम महाराष्ट्रात बायका मिश्री लावतात, त्याच्या खुणा हिरड्यांवर आणि ओठाच्या आत सापडतात. विद्यार्थी आ केल्यावर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून केसपेपरवर लिहितो आणि पुढच्या भेटीला पुन्हा मोजतो. सवय सुटली का, याचं उत्तर अनेकदा त्या आकड्यातच मिळतं. ज्याने हे शेकडो तोंडांत बघितलंय, त्याच्या नजरेतून पुढे तालुक्याच्या गावी दवाखाना टाकल्यावर संशयास्पद पांढरा डाग निसटत नाही. कॅन्सर लवकर पकडला जाण्याची शक्यता तिथे वाढते.

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे ज्याला सगळे काळी बुरशी म्हणायचे, पसरला तेव्हाही हेच दिसलं. बुरशी वरच्या जबड्यात शिरायची आणि दात हलू लागणं हे अनेकांमध्ये सुरुवातीचं लक्षण होतं. सडलेला जबडा काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांमध्ये मुखशल्यचिकित्सक कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या बरोबरीने उभे होते. ‘दातांचे डॉक्टर म्हणजे अर्धे डॉक्टर’ असं म्हणणाऱ्यांनी तो उन्हाळा आठवावा.

‘सरकारी म्हणजे मोडक्या खुर्च्या’

काही प्रमाणात बरोबर. खुर्ची बिघडली की दुरुस्तीला वेळ लागतो, एखादं साहित्य मध्येच संपतं, एक्स-रेपुढे गर्दी असते. शिवाय फी कमी असली तरी खर्च संपत नाही. एअरोटरचा हँडपीस, कृत्रिम दातांचा जबडा, आरसे-प्रोब-चिमटे, कवळीचं साहित्य, यातलं पुष्कळसं विद्यार्थ्याला स्वतः घ्यावं लागतं. सर्वात मोठा फटका दुसऱ्या वर्षी बसतो. नवीन सगळं घेण्याआधी हॉस्टेलमधल्या सीनियर्सकडे विचारा. बरीच हत्यारं वर्षानुवर्षं हातोहात पुढे जातात.

मात्र एक गोष्ट मला कधीच पटली नाही: गरीब घरातून आलेल्या मुलाने दुसऱ्या वर्षी हत्यारांसाठी कर्ज काढावं, ही. सरकारने कॉलेजांत हत्यारांची बँक करावी, वर्षभरासाठी द्यावीत आणि परत घ्यावीत. ग्रंथालय चालतं, तर हेही चालू शकतं.

‘पुढे काय? दवाखाना टाकायला पैसे कुठून आणायचे?’

सरकारी नोकऱ्या आहेत, पण थोड्या: जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंत शल्यचिकित्सकाची पदं, आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, आणि लष्कराची आर्मी डेंटल कोअर. बहुतेक जण आधी दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करतात आणि मग स्वतःचा टाकतात. सुरुवातीचा पगार अनेकदा निराश करणारा असतो, हे प्रवेश घेतानाच माहीत असलेलं बरं. एमडीएस केल्यावर चित्र बदलतं, पण ती वेगळी स्पर्धा, वेगळी नीट.

नियमही बदलत आहेत. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याखाली डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया काम करत आलं. त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, आणि त्यात पदवीनंतर एका समान राष्ट्रीय परीक्षेची तरतूद आहे. व्यवसाय करण्याचा परवाना आणि एमडीएसचा प्रवेश दोन्ही त्या परीक्षेला जोडायचे आहेत. सरकारी आणि खाजगी कॉलेजची मुलं तेव्हा एकाच मापाने मोजली जातील.

राहता राहिला पहिला प्रश्न, रिपीट की बीडीएस. शस्त्रक्रिया, औषधं, वॉर्ड हेच आयुष्य हवं असेल आणि गेल्या वर्षी आजारपणासारखं काही स्पष्ट कारण घडून मार्क गेले असतील, तर रिपीटला अर्थ आहे. नुसतं ‘एमबीबीएस नाही तर काहीच नाही’ या धसक्यापोटी करू नका. हातांनी बारीक काम करण्यात ज्याचा जीव रमतो, त्याला सरकारी बीडीएस सोडायला मी कधीच सांगणार नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजात एका कामाच्या दिवशी सकाळी दहाला जा. मुलालाही न्या. केसपेपरची रांग बघा, मग दंतशल्य आणि कवळीच्या विभागात जाऊन किती खुर्च्या चालू आहेत आणि किती शिक्षक खुर्च्यांमधून फिरताहेत ते बघा. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये एखादा इंटर्न गाठा आणि विचारा की त्याने स्वतः किती दाढा काढल्या, किती कवळ्या पूर्ण केल्या आणि शेवटच्या वर्षी कोट्यासाठी पळापळ झाली का. इंटर्न सहसा खरं सांगतात.